घोड्याच्या म्हातारपणाची तरतूद पहिल्या दिवसापासून करा : घोडेस्वारी शाळांच्या चालकांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील घोडेस्वारी शाळा व क्लब यांचे चालक आणि घोडेस्वारी शिकवणाऱ्या निवासी शाळांचे विश्वस्त यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बरीच वर्षं पुण्याच्या आसपास मुलांना घोडेस्वारी शिकवली. आता काही सोबत्यांबरोबर कामातून उतरलेल्या घोड्यांसाठी घरं शोधते. उन्हाळी सुट्टी जवळ आली की आमचे फोन वाढतात. शिबिरांसाठी नवे घोडे आणायचे असतात, घोडे बांधायची ठाणं मोजकी असतात, आणि त्यातल्या एखाद्या ठाणावर अठरा-वीस वर्षांचा, मागच्या पायाने किंचित लंगडणारा घोडा उभा असतो. "महिनाअखेरपर्यंत न्या, नाहीतर व्यापाऱ्याला द्यावा लागेल," असं सांगितलं जातं. सांगणारा माणूस बहुतेक वेळा वाईट नसतो. त्याच्या वहीत त्या घोड्यासाठी पैसेच ठेवलेले नसतात, आणि खरी अडचण तिथेच आहे.

म्हणून या पत्रात माझं मागणं एकच आहे. घोडा तुमच्या पागेत येतो त्या दिवसापासून त्याच्या निवृत्तीचा खर्च शिकवणीच्या शुल्कात धरा आणि तो पैसा वेगळ्या खात्यात ठेवा. बाकी जे लिहिते आहे ते हे कसं जमेल आणि तोवर काय करायचं, याबद्दल आहे.

आपल्या शाळांमधले पुष्कळ घोडे रेसकोर्सवरून आलेले थरोब्रेड आहेत. हा घोडा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी धावायला लागतो आणि पाच ते आठ वर्षांचा होईतो शर्यतीतून उतरतो. तो स्वस्तात मिळतो, म्हणूनच पुण्या-मुंबईत इतक्या घोडेस्वारी शाळा उभ्या राहू शकल्या. मग तो दहा-बारा वर्षं शिकवतो. मी "शिकवतो" असं जाणूनबुजून लिहिते. नवशिक्या मुलाचा तोल एका बाजूला गेला की पाठीवरचं वजन ओळखून आपणहून चाल मंदावणारा घोडा बाजारात विकत मिळत नाही. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या मुलांना पाठीवर घेऊन तो तसा घडतो. त्याची किंमत त्याच्या शरीराने भरलेली असते. एकाच रिंगणातल्या फेऱ्यांनी घोट्यांचे सांधे झिजतात, नवख्या हातांनी ओढलेल्या लगामाने तोंड बधिर होतं, आणि दुडक्या चालीवर धपाधप आपटणाऱ्या वजनामुळे पाठ धरते. अठराव्या-विसाव्या वर्षी तो कामाचा राहत नाही. पण घोडा पंचवीस वर्षं सहज जगतो, नीट सांभाळला तर तिशीही गाठतो. मधली ही पाच-दहा वर्षं आज कुणाच्याच हिशेबात नाहीत.

व्यापाऱ्याकडे गेलेला घोडा कुठे जातो हे तुम्हालाही ठाऊक आहे. कधी एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना फिरवायला, कधी चौपाटीवर, कधी वरातीत. तिथल्या अश्वपालांना मी दोष देत नाही. ज्याची चूल घोड्याच्या रोजच्या कमाईवर पेटते, तो काम न करणाऱ्या घोड्याला बसवून खायला घालू शकत नाही, आणि तशी अपेक्षा त्याच्याकडून करणंही योग्य नाही. माथेरानसारख्या मोटारबंदीच्या गावात तर घोडा हेच अनेक घरांचं पोट आहे, आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिथे ई-रिक्षाचा प्रयोग सुरू झाल्यापासून त्या पोटाचीही शाश्वती कमी झाली आहे. तुमच्या मऊ मातीच्या रिंगणात जो घोडा लंगडतो, तो डांबरावर आणि दगडी वाटांवर जास्तच लंगडणार. डीजेच्या दणदणाटात, फटाक्यांच्या धुरात उभं राहायची सवय त्याला विसाव्या वर्षी लावायची, हा विचारच मला सहन होत नाही.

कायद्याचा धाक मी घालत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं ११ वं कलम मालकाला पुरेसं अन्न, पाणी आणि निवारा द्यायला बांधतं. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणं हाही त्यात गुन्हा आहे. पण विक्री झाली की मालक बदलतो आणि कायदा नव्या मालकाच्या दारात जातो. सरकारी अनुदानाचाही आधार इथे नाही. राज्य सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये गोशाळांतल्या देशी गायींसाठी दिवसाला ५० रुपयांची योजना जाहीर केली, त्यात घोडा बसत नाही. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या बंद करायला वर्षाची मुदत दिली, तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिलं की काम एका हुकमाने थांबवता येतं, घोड्याची वैरण मात्र दुसऱ्या दिवशीही लागते. हा प्रश्न आपल्यालाच, म्हणजे ज्यांनी त्या घोड्यांकडून काम घेतलं त्यांनाच, सोडवावा लागणार आहे.

"पैसे नाहीत" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की हिशेब मांडूनच दाखवते. साडेचारशे किलोचा घोडा दिवसाला आपल्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा खातो. आठ किलो धरले तर महिन्याला २४० किलो. गवत १० रुपये किलो धरलं तर २,४०० रुपये. म्हाताऱ्या घोड्याला वर दोन किलो चंदी लागते. त्यात भिजवलेला गव्हाचा कोंडा, ओट, थोडे हरभरे असं ३० रुपये किलोने धरलं तर १,८००. नाल ठोकायचा खर्च आता उरत नाही, पण दर सहा-आठ आठवड्यांनी खूर तासावेच लागतात. जंताचं औषध, धनुर्वाताची लस, वर्षातून एकदा दातांच्या धारा कानशीने घासून घेणं, अधूनमधून डॉक्टर, या सगळ्याचे सरासरी १,५००. गावाकडच्या मोकळ्या जागेत एक मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा माणूस, पाच-सहा निवृत्त घोडे सांभाळू शकतो, कारण त्यांना रोज खोगीर चढवायचं नसतं. त्याच्या पगारातला एका घोड्याचा वाटा ३,०००. बेरीज ८,७०० होते, आपण ९,००० म्हणू. वर्षाला १,०८,०००. निवृत्तीची सहा वर्षं धरली तर ६,४८,०००.

हा आकडा एकदम ऐकला की कुणीही हात वर करेल. पण हाच घोडा दिवसाला दोन धडे देतो. महिन्याचे २० दिवस आणि वर्षाचे १० महिने धरले तर वर्षाला ४०० धडे. १२ वर्षांत ४,८००. सहा लाख अठ्ठेचाळीस हजारांना ४,८०० ने भागा. धड्यामागे १३५ रुपये येतात.

माझ्या साऱ्या म्हणण्याचा पाया हा १३५ चा आकडा आहे. एका धड्याचं शुल्क आज किती आहे ते तुम्ही जाणता. भाव वाढतील हे खरं, पण शुल्कही वाढतं, आणि बारा वर्षं ठेवलेल्या पैशावर व्याजही मिळतं. तुमच्या गावात गवत महाग असेल, मजुरी कमी असेल, तर तुमचा आकडा वेगळा येईल. तो काढा. पावतीवर तो स्वतंत्र ओळीत छापा, "अश्व निवृत्ती निधी" म्हणून, म्हणजे पालकांना कळेल आणि तुम्हालाही तो पैसा रिंगणाच्या दुरुस्तीकडे वळवता येणार नाही. घोडेस्वारी यामुळे थोडी महाग होईल. माझ्या मते ती तेवढी महाग असायलाच हवी. आज ती स्वस्त वाटते, कारण तिच्या खर्चाचा एक भाग म्हातारा घोडा वरातीत उभा राहून फेडतो.

आता जे घोडे आजच म्हातारे आहेत, ज्यांच्यासाठी कुणी काही साठवलेलं नाही, त्यांच्याबद्दल. इथे माझा अनुभव तुमच्या उपयोगी पडेल.

पैशासाठी सर्वात आधी जुन्या विद्यार्थ्यांकडे जा. महिन्याला हजार रुपये देणारी नऊ माणसं म्हणजे एक घोडा. ज्याच्या पाठीवर आपण पहिल्यांदा रपेट मारली त्याचं नाव माणूस विसरत नाही. चाळिशीतली माणसं त्या नावाने विचारपूस करतात. पण दरमहा देणारे वर्ष-दोन वर्षांनी गळतात, कधी नोकरी जाते, कधी परदेशी जातात, कधी नुसतं राहून जातं. म्हणून पूर्ण वर्षाची रक्कम आगाऊ घ्या, आणि नवाच्या ऐवजी बारा जणांना विचारा.

जागा निवडताना दृश्यावर जाऊ नका. मावळातला किंवा कोकणातला हिरवा उतार फोटोत सुंदर दिसतो, पण चार महिने चिखलात उभ्या राहणाऱ्या घोड्याचे खूर सडतात आणि पाठीची कातडी खपल्या धरते. पुण्याच्या पूर्वेकडची मुरमाड, पाणी न धरणारी जमीन त्याला मानवते. शिरूर-जुन्नरकडे जागा मिळाली तर बिबट्याचा विचार करून रात्रीची बंदिस्त पागा हवीच. पावसाळ्यात आणि नंतर चावऱ्या माश्यांमुळे सर्रा नावाचा रक्तातल्या परजीवीचा रोग होतो. ताप येऊन-जाऊन घोडा खंगत असेल तर रक्त तपासायला उशीर करू नका. आणि घोड्याला एकटा ठेवू नका. तो कळपाचा प्राणी आहे, एकटा पडला की खाणं सोडतो, कुंपणालगत येरझाऱ्या घालतो. दोन म्हातारे घोडे एकत्र दिले तर सांभाळणाऱ्याचे कष्ट फारसे वाढत नाहीत. वैरण दिवाळीनंतर, कापणीच्या दिवसांत, वर्षभराची भरून ठेवा. मे महिन्यात विकत घ्यायला गेलात तर तेच गवत डोळ्यांत पाणी आणतं.

घर देणारी माणसं बहुतेक वेळा गाई-म्हशी पाळलेली असतात. त्यांना जनावर कळतं, आणि तरी घोड्याच्या बाबतीत काही गोष्टी मुद्दाम सांगाव्या लागतात, कारण त्या जिवावर बेततात. गुरांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला ते चालतं, घोड्याचं हृदय त्याने निकामी होतं. हिरवी ज्वारी घोड्याला चारू नये, तिने मूत्राशय आणि मागच्या पायांचे मज्जातंतू बिघडतात. नुसतं हत्तीगवत किंवा नुसतं उसाचं वाढं घातलं तर त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं ठिसूळ होतात. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे शिळ्या भाकऱ्या, पाव, लग्नातलं उरलेलं अन्न प्रेमाने घातलं तरी पोटशूळ उठतो, आणि तो शूळ रात्रीतून जीव घेतो. दात झिजलेला घोडा गवताचे गोळे चघळून खाली टाकतो. ते दिसलं की तो नखरे करतो असं समजू नये, त्याला चारा बारीक करून, भिजवून द्यावा. आम्ही हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरांत छापून पागेच्या दारावर लावतो.

फुकट घोडा देताना करार हवाच. "ओळखीचे आहेत, कागद कशाला" असं म्हणून दिलेले घोडे मी पुढे दोन-तीन हातांतून फिरलेले पाहिले आहेत. ५०० रुपयांच्या मुद्रांक कागदावर साध्या मराठीत लिहा की हा घोडा विकायचा नाही, कुणाला पुढे द्यायचा नाही, भाड्याने वा वरातीला न्यायचा नाही, घोडी असेल तर तिच्यापासून शिंगरू घ्यायचं नाही. सांभाळणं अशक्य झालं तर तो मूळ शाळेकडेच परत येईल. दरमहा अंगभर फोटो, आणि न कळवता भेट द्यायचा हक्क. औषधाचा खर्च कोण करणार आणि शेवटचा निर्णय कोण घेणार, हेही आधीच ठरवा. कृषी पर्यटन केंद्राला घोडा देणार असाल तर "फक्त लहान मुलांना एक चक्कर" हे वाक्य करारात शिरू देऊ नका. सुट्टीच्या दिवशी ती एक चक्कर दिवसभर चालते. घोड्याच्या मानेतल्या मायक्रोचिपचा क्रमांक करारात घाला, म्हणजे रंग आणि कपाळावरचा टिळा यांवरून वाद होणार नाही.

आणि खरं वय लिहा. शाळेच्या वहीत वर्षानुवर्षं "चौदा" राहिलेले घोडे आम्हाला भेटतात. वरच्या जबड्यातल्या कडेच्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते, पंधराव्या वर्षी ती अर्ध्या दातापर्यंत येते आणि विसाव्या वर्षी टोकापर्यंत. डॉक्टर ती पाहतोच. वय चोरून घोडा दिला तर नवं घर दहा वर्षांच्या तयारीने पाच-सहा वर्षंच उरलेला घोडा घेतं, आणि विश्वास तुटतो. हलवण्यापूर्वी ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्या. हा रोग माणसालाही होतो, बाधित घोड्याला मारावं लागतं, आणि हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रासारख्या प्रयोगशाळेकडून अहवाल यायला वेळ लागतो. महिनाअखेरची मुदत इथेच निरर्थक ठरते.

आता जे लिहिणार आहे ते काही जणांना कठोर वाटेल. प्रत्येक घोड्याला घर मिळणार नाही. ज्याच्या सांध्यांचं दुखणं औषधाने थांबत नाही, जो उठताना कण्हतो, ज्याचा प्रवासच हाल ठरेल, त्याला व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढवण्यापेक्षा त्याच्या ओळखीच्या ठाणावर, त्याच्या मोतद्दाराने डोकं धरलेलं असताना, पशुवैद्यकाच्या हातून दयामरण देणं जास्त दयेचं आहे. मी हे निश्चयाने सांगते. पहिल्या महायुद्धात लढलेले ब्रिटिश फौजेचे घोडे युद्धानंतर इजिप्तमध्ये विकले गेले होते. डोरोथी ब्रुक नावाच्या बाईंना ते १९३० मध्ये कैरोच्या रस्त्यांवर सापडले, म्हातारे आणि हाडांचे सापळे झालेले. त्यांनी १९३१ मध्ये 'मॉर्निंग पोस्ट' या वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, वाचकांनी पैसे पाठवले, आणि काही वर्षांत त्यांनी असे सुमारे ५,००० घोडे विकत घेतले. त्यातले बहुतेक इतके थकलेले होते की काही दिवस पोटभर चारा आणि विश्रांती देऊन त्यांना शांत मरण देणं एवढंच त्यांना करता आलं. १९३४ मध्ये त्यांनी कैरोत कष्टकरी जनावरांसाठी इस्पितळ उघडलं. त्याच कामातून वाढलेली संस्था आज भारतातही कामाच्या घोड्या-गाढवांसाठी झटते. मरण देण्याचा निर्णय हा प्रेमाचा अभाव नव्हे, हे मला त्या बाईंच्या कामावरून उमगलं. मात्र जागा बदलायचा कंटाळा किंवा ठाण रिकामं करायची घाई हे दयामरणाचं कारण होऊ शकत नाही. तो निर्णय डॉक्टरने लेखी द्यावा. आणि पुरण्यासाठी जेसीबी, जागा, ग्रामपंचायतीची परवानगी हा खर्चही निधीत आधीच धरा. भुलीच्या औषधाने मेलेलं जनावर उघड्यावर टाकलं तर ते खाणारी गिधाडं आणि कुत्री मरतात.

पालकांपैकी कुणी हे वाचत असेल तर प्रवेशाच्या दिवशी एक प्रश्न विचारा : गेल्या पाच वर्षांत तुमचे घोडे निवृत्त होऊन कुठे गेले? उत्तर देणारी शाळा निवडा. चालकांवर या पत्रापेक्षा तुमच्या प्रश्नाचा परिणाम लवकर होईल.

चालकांनो, येत्या शैक्षणिक वर्षाचं शुल्कपत्रक छापण्यापूर्वी एवढं करा. पागेतल्या प्रत्येक घोड्याचं दातांवरून काढलेलं वय लिहून काढा. सोळाच्या पुढच्या घोड्यांच्या धड्यांची संख्या कमी करा आणि त्यांना उड्यांच्या कामातून काढा. निधीची ओळ पावतीवर आणा. आणि एखादा घोडा दोन वर्षांत थांबणार असं दिसत असेल तर आम्हाला किंवा तुमच्या भागात हे काम करणाऱ्या कुणालाही आत्ताच कळवा. दोन पावसाळे हाताशी असले तर आम्ही जागा पाहून, जोडीदार घोडा शोधून, गवत भरून, करार करून त्याला नेऊ शकतो. महिनाअखेरच्या फोनवर आम्हाला यातलं काहीच जमत नाही.

आपली विश्वासू,
एक माजी घोडेस्वारी प्रशिक्षक, पुणे